जोडीदार हवा, अभ्यासासाठी!

अभ्यासिकेच्या फलकावर लावण्यासाठी तिने वहीच्या कागदावर चार ओळी लिहून आणल्या होत्या. ‘कॅट परीक्षेच्या तयारीसाठी जोडीदार हवा. वेळ दर रविवारी सकाळी. मनापासून अभ्यास करणाऱ्यांनीच भेटावे.’ नागपूरच्या महाल भागातील त्या अभ्यासिकेचे काका साठी ओलांडलेले. त्यांनी चष्मा सावरला, कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "बेटा, हा कागद लावला तर उद्या लोक पत्रिका घेऊन तुझ्या घरी येतील. तो ‘जोडीदार’ आधी खोड." मग त्यांनीच खिशातले पेन काढून त्या शब्दावर काट मारली आणि वर ‘सोबती’ असे लिहिले.

संध्याकाळी तिने हा किस्सा घरी सांगितला. वडील मोठ्याने हसले. आई मात्र हसली नाही. पोळी लाटता लाटता ती एवढेच म्हणाली, "काकांचं काय चुकलं? जोडीदार शोधायचं वय झालंच आहे तुझं. हे एक वर्ष दिलंय, ते लक्षात असू दे."

एक वर्ष. त्या एका वर्षाच्या मुदतीवर तिचे सारे काही अवलंबून होते.

एकटीने दिलेली परीक्षा

ती तेवीस वर्षांची. बी.कॉम. झाल्यावर एका खाजगी कार्यालयात हिशेबाचे काम करीत होती. वडील पोस्टातून निवृत्त झालेले, धाकटा भाऊ अजून महाविद्यालयात. घरची परिस्थिती खाऊनपिऊन सुखी म्हणावी अशी, पण महागड्या शिकवणीवर पैसे खर्च करावेत इतकी नव्हे. एम.बी.ए. करायचे आणि तेही चांगल्या संस्थेतून, हे तिच्या मनाने घेतले होते. त्यासाठी २०२३च्या नोव्हेंबरमध्ये तिने पहिल्यांदा कॅट दिली.

कॅट म्हणजे भारतीय व्यवस्थापन संस्थांची, अर्थात आयआयएमची प्रवेश परीक्षा. १९६१ साली कोलकाता आणि अहमदाबाद येथे सुरू झालेल्या या संस्थांची संख्या आता विसाच्या वर गेली आहे. नागपूरला २०१५ मध्ये आयआयएम आली. मुंबईत पवईची जुनी ‘नीटी’ संस्था २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. अलीकडच्या वर्षांत ही परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातील रविवारी होते. २००९ पासून ती कागदावर नव्हे तर संगणकावर द्यावी लागते. एकूण वेळ दोन तास. त्यात तीन विभाग असतात. पहिला इंग्रजी उताऱ्यांचा, दुसरा तक्ते आणि तर्ककोड्यांचा, तिसरा गणिताचा. प्रत्येकाला बरोबर चाळीस मिनिटे. एका विभागाची वेळ संपली की तो बंद होतो, पुन्हा उघडता येत नाही. बरोबर उत्तराला तीन गुण, आणि पर्याय निवडायच्या प्रश्नात उत्तर चुकले की एक गुण वजा.

या परीक्षेसाठी ती दहा महिने रात्री जागली होती. पुस्तके आणली, सूत्रे पाठ केली, भिंतीवर वेळापत्रक चिकटवले. डिसेंबरमध्ये निकाल लागला तेव्हा तिचा पर्सेंटाइल होता ७१.

वडिलांना वाटले, शंभरपैकी एकाहत्तर म्हणजे पहिला वर्ग! तिला समजावून सांगावे लागले की हे गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्यांपैकी ७१ टक्के उमेदवार आपल्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. त्या वर्षी सुमारे २ लाख ८८ हजार जण परीक्षेला बसले होते. म्हणजे तिच्यापुढे ८३ हजारांहून अधिक जण होते. तो आकडा ऐकून वडील बराच वेळ काही बोलले नाहीत.

मेहनतीत कमी पडलो असे तिला वाटत नव्हते. मग चुकले कुठे? दहा महिन्यांत हा प्रश्न विचारायला तिच्याजवळ कोणीच नव्हते, आणि सगळे दुखणे नेमके इथेच होते. प्रश्न सोडवायचा, मागच्या पानावर उत्तर पाहायचे, चुकले असेल तर ‘अरे, हे तर येत होतं’ असे म्हणून पान उलटायचे. एकटा माणूस स्वतःला फार लवकर माफ करतो. ती दहा महिने स्वतःला माफ करीत आली होती.

मैत्रीण आणि हुशार मुलगा

दुसऱ्या प्रयत्नात सोबत घेऊन अभ्यास करायचा, असे तिने ठरवले. साहजिकच पहिली आठवण आली ती महाविद्यालयातल्या जिवलग मैत्रिणीची. तिलाही एम.बी.ए. करायचेच होते. दोघींनी मोठ्या उत्साहाने सुरुवात केली. पण आठवड्याभराच्या गप्पा साठलेल्या असायच्या. पुस्तक उघडण्याआधी चहा व्हायचा, पुस्तक उघडल्यावर तर्री पोहे यायचे. एकीचे उत्तर चुकले की दुसरी म्हणायची, "जाऊ दे गं, पेपरच कठीण होता." दोघींनाही एकमेकींचे मन दुखवायचे नव्हते. महिन्याभरात अभ्यास बंद पडला. मैत्री शाबूत राहिली, हे त्यातल्या त्यात बरे.

नंतर कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने त्याच्या ओळखीचा एक अतिशय हुशार मुलगा सुचवला. तो खरोखरच हुशार होता. तिने प्रश्न वाचून संपवण्याआधी त्याचे उत्तर तयार असे. पण ते कसे आले हे विचारले की म्हणे, "सोप्पं आहे, तुम्हीच पाहा." स्वतःच्या सराव परीक्षेचे गुण तो कधी सांगत नसे. कोणती पुस्तके वापरतो हेही त्याने कधी कळू दिले नाही. तीन रविवारांनंतर तिच्या लक्षात आले की आपण येथे शिकायला नव्हे, टाळ्या वाजवायला येतो आहोत.

या दोन अनुभवांतून ती एक गोष्ट शिकली. अभ्यासाचा सोबती जिवलग असलाच पाहिजे असे नाही आणि हुशारच असला पाहिजे असेही नाही. ठरल्या वेळी येणारा आणि स्वतःची चूक दुसऱ्यासमोर उघडी करायला न लाजणारा माणूस हवा. असा माणूस ओळखीत सापडेना, म्हणून तिने अभ्यासिकेच्या फलकाचा आधार घेतला.

चौघे जमले

कागद लागला त्या आठवड्यात सहा जण भेटून गेले. त्यांतले तिघे टिकले.

पहिली एका खाजगी शाळेत इंग्रजी शिकवणारी एकतीस वर्षांची विवाहित स्त्री. नवऱ्याची नोकरी चंद्रपूरला. पदरी पाच वर्षांचा मुलगा, घरी सासूबाई. कॅटला वयाची अट नाही हे कळल्यावर तिने अर्ज भरायचे ठरवले होते. गणित म्हटले की मात्र तिच्या पोटात गोळा येई. तिला सगळे ‘ताई’ म्हणू लागले. दुसरा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करणारा अभियंता. गणित पक्के, पण दहावीपर्यंत सारे शिक्षण खेड्यातल्या मराठी शाळेत झाल्यामुळे इंग्रजी उतारा समोर आला की घाम फुटायचा. तो ‘दादा’ झाला. तिसरा पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेला वीस वर्षांचा मुलगा. तर्ककोडी सोडवण्यात वाघ, पण साध्या गुणाकारात चुका करणारा. त्याला ‘धाकटा’ हे नाव आपोआपच पडले.

जमायचे कुठे, हा प्रश्न ताईंनी सोडवला. त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत दर रविवारी सकाळी सात वाजता चौघे बसू लागले. मे महिन्यातले नागपूर म्हणजे सकाळी आठ वाजताच उन्हाचा चटका. खोलीत कूलरची घरघर आणि वाळ्याचा वास. ताईंच्या सासूबाई नातवाला घेऊन आतल्या खोलीत बसत. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांचे लक्ष असे. चाळीस मिनिटे झाली की त्या दारात येऊन म्हणत, "झाला वेळ. पेनं खाली ठेवा." एखाद्याने ‘आजी, एकच मिनिट’ म्हटले तरी त्या ऐकत नसत.

तिच्या आईला सुरुवातीला हे सगळे पसंत नव्हते. परक्या घरी, दोन परक्या मुलांबरोबर मुलगी अभ्यासाला जाते, ही कल्पनाच तिला खटकत होती. ती रागावली नाही. पण एका रविवारी लिंबाच्या लोणच्याची बरणी देण्याच्या निमित्ताने ती ताईंच्या घरी आली. तासभर सासूबाईंशी गप्पा मारल्या, उघड्या दारातून आतले चौघे पाहिले आणि परतली. त्या दिवसापासून घरी तो विषय निघाला नाही. वयात आलेल्या मुलामुलींनी एकत्र अभ्यास करायचा तर जागा अशीच असावी. घरातली मोठी माणसे आसपास हवीत, दार उघडे हवे आणि आईवडिलांना कधीही डोकावता यायला हवे. मग चोरटेपणा उरत नाही आणि संशयही.

चुकांची वही

पहिले दोन रविवार नुसती सराव परीक्षा देण्यात गेले. गुण मोजायचे, हळहळायचे आणि घरी जायचे. तिसऱ्या रविवारी ताई म्हणाल्या, "शाळेत मी मुलांच्या वह्या तपासते ना, तेव्हा माझ्या एक लक्षात आलंय. मूल बरोबर काय लिहितं त्यावरून फारसं कळत नाही. चूक कशी करतं त्यावरून सगळं कळतं." त्यांनी दोनशे पानी एक वही आणली. तिचे नावच ठेवले ‘चुकांची वही’.

नियम साधा होता. परीक्षा दोन तासांची, पण तिची चिकित्सा तीन तास चालायची. प्रत्येकाने आपला चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत लिहायचा आणि पुढे कारणही नोंदवायचे. कारणे तीनच. ‘आले नाही’, ‘घाई’ आणि ‘हट्ट’. हट्ट म्हणजे एकाच प्रश्नाला चिकटून बसणे. गणिताच्या विभागात चाळीस मिनिटांत बावीस प्रश्न. प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटेही येत नाहीत. त्यात एखाद्या प्रश्नावर सहा मिनिटे घालवली तर तो बरोबर येऊनही तोटाच.

महिन्याभराने तिने आपली पाने चाळली तेव्हा तिला धक्का बसला. गणित येत नाही म्हणून आपण मागे पडतो, अशी तिची समजूत होती. वही वेगळेच सांगत होती. ‘आले नाही’च्या रकान्यात मोजक्या नोंदी आणि ‘हट्ट’च्या रकान्यात रांगच्या रांग! हिशेबाच्या कामात एक रुपयाचा फरक सापडेपर्यंत उठायचे नाही, अशी तिची शिस्त. नोकरीत वाखाणला जाणारा हा गुण परीक्षेत तिचा घात करीत होता. पूर्ण वर्षभर एकटीने अभ्यास करून तिला हे कळले नव्हते. दादा तिच्या शेजारी बसत, त्यांच्या मात्र ते दुसऱ्याच आठवड्यात लक्षात आले होते. ते म्हणाले, "तुम्ही प्रश्न सोडत नाही. प्रश्न सोडणं हेही उत्तरच आहे."

ताईंचे गणित सुधारले तेही एका गमतीदार प्रसंगाने. प्रश्न असा होता. एक माणूस ताशी ४० किलोमीटर वेगाने गावाला जातो आणि त्याच रस्त्याने ताशी ६० च्या वेगाने परततो, तर सरासरी वेग किती? ताईंनी झटकन पन्नास लिहिले आणि ते चुकले. दादा सूत्र सांगू लागले तेव्हा धाकटा म्हणाला, "थांबा दादा, ताईंना सूत्र नको. ताई, गाव १२० किलोमीटरवर आहे असं समजा." ताईंनी बोटांवर हिशेब केला. जायला तीन तास, यायला दोन. एकूण २४० किलोमीटर पाच तासांत, म्हणजे ताशी ४८. क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, "म्हणजे हळू चालताना वेळ जास्त जातो, म्हणून सरासरी हळूकडे झुकते. हो ना?" दादा पाहतच राहिले. वर्षानुवर्षे ते सूत्र त्यांना पाठ होते, पण असा अर्थ त्यांनी कधी लावला नव्हता. त्या दिवशी शिकवणारा आणि शिकणारा दोघेही काहीतरी घेऊन घरी गेले.

अभ्यासातली ही देवघेव विद्वानांच्याही नजरेतून सुटलेली नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात युरी ट्राइझमन यांनी गणिताच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासाच्या सवयी जवळून पाहिल्या. काही कृष्णवर्णीय विद्यार्थी भरपूर मेहनत करूनही मागे पडत होते आणि चिनी वंशाचे बरेच विद्यार्थी पुढे जात होते. आळस, घरची परिस्थिती, शाळेतली कच्ची तयारी अशी नेहमीची कारणे तपासली, पण ती पटण्यासारखी नव्हती. फरक दिसला तो वेगळाच. पहिल्या गटातले विद्यार्थी जवळजवळ एकेकटेच अभ्यास करीत. दुसऱ्या गटातले आधी स्वतः अभ्यास करीत, मग एकत्र बसून एकमेकांची उत्तरे तपासत. पुढे ट्राइझमन यांनी एकत्र बसून कठीण गणिते सोडवण्याचे वर्ग सुरू केले आणि त्यांत येणाऱ्या विद्यार्थ्यांची प्रगती चांगलीच सुधारली. यात ‘आधी स्वतः’ हे शब्द महत्त्वाचे. रविवारी चौघांनी एकत्र बसण्याला अर्थ होता तो सोमवार ते शनिवार प्रत्येक जण घरी एकटा घासत होता म्हणूनच.

रुसवा

ऑगस्टमध्ये मात्र हा डाव मोडायची वेळ आली. इंग्रजीचा सराव म्हणून चौघे आळीपाळीने उतारा मोठ्याने वाचीत. दादांची पाळी होती. ते रात्रपाळी करून तसेच आले होते. वाचताना अडखळले, एका शब्दाचा उच्चार भलताच झाला. धाकट्याला हसू आवरले नाही. वर तो बोलून गेला, "दादा, मुलाखतीत असं वाचलंत तर ते चहा पाजून परत पाठवतील."

दादा काही बोलले नाहीत. वेळ संपेपर्यंत बसले. पुढचे दोन रविवार आले नाहीत. फोन केला तर ‘पाळी बदलली आहे’ एवढेच उत्तर.

ताईंनी धाकट्याला त्याबद्दल छेडले तेव्हा तो आधी चिडला. म्हणाला, "मी गंमत केली हो. आणि खरं सांगू का, शेवटी इथं सगळेच एकमेकांचे स्पर्धक आहेत. कुणी गळलं तर गळलं."

ताईंनी त्याच्यापुढे कागद सरकवला. "मग हा हिशेब कर. गेल्या वर्षी परीक्षेला २ लाख ८८ हजार मुलं बसली होती. त्यातून आपला दादा वगळला, तर तुझा नंबर कितीनं वर जाईल?"

"फार तर एकानं."

"आणि दादा दर रविवारी तुझे गुणाकार तपासतात, ते थांबलं तर कितीनं खाली जाईल?"

धाकट्याने चुकांच्या वहीतली आपली पाने उलटली. जून-जुलैमध्ये ‘घाई’च्या नोंदी कमी होत गेल्या होत्या. गेल्या दोन रविवारी त्या पुन्हा वाढल्या होत्या. तो काही बोलला नाही. त्या संध्याकाळी तो बसने बुटीबोरीला गेला आणि पाळी सुटेपर्यंत कारखान्याच्या फाटकाबाहेर उभा राहिला. दोघांत काय बोलणे झाले ते त्यांनी कोणालाच सांगितले नाही. पुढच्या रविवारी सात वाजायला पाच मिनिटे कमी असताना दादा दारात होते. वहीच्या ताज्या पानावर धाकट्याने चौथे कारण लिहिले होते, ‘उद्धटपणा’, आणि त्याखाली स्वतःचे नाव.

स्पर्धा परीक्षांच्या तयारीत ही भावना फार जणांच्या मनात लपलेली असते. शेजारचा पुढे गेला म्हणजे आपण मागे पडलो, असे वाटते. म्हणून मुले टिपणे लपवतात, गुण सांगत नाहीत, अभ्यास झालेला असूनही ‘माझा काहीच झाला नाही’ म्हणतात. लाखो उमेदवारांच्या परीक्षेत शेजारी बसलेल्या तिघांना आपले स्पर्धक मानणे हे साध्या अंकगणितालाही धरून नाही. त्या तिघांकडून मिळणारा फायदा एका जागेच्या नुकसानीपेक्षा कितीतरी मोठा असतो.

ज्यांना पत्र आले नाही

२४ नोव्हेंबर २०२४ रोजी परीक्षा झाली. चौघांच्या वेळा वेगवेगळ्या होत्या. कोणाची सकाळची, कोणाची दुपारची, कोणाची संध्याकाळची. आजींनी आदल्या दिवशी चौघांच्या हातावर दही-साखर ठेवली आणि सांगितले, "वेळ संपली की पेन खाली. चिकटून बसायचं नाही." संगणकावर पेन कसले खाली ठेवायचे, असे कोणीही म्हटले नाही.

गणिताच्या विभागात तिने बावीसपैकी नऊ प्रश्न सोडून दिले. वर्षापूर्वी ही गोष्ट तिला पाप वाटली असती.

डिसेंबरमध्ये निकाल आला. त्या वर्षी सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवार बसले होते. धाकट्याला ९८, तिला ९६, दादांना ८९ आणि ताईंना ८४ पर्सेंटाइल. दोघांना मुलाखतीची बोलावणी येणार आणि दोघांना येणार नाहीत, हे त्या आकड्यांवरून स्पष्टच होते.

त्या रविवारी ताईंच्या घरी जायला तिचे पाऊल उचलेना. तोंड कसे दाखवायचे? यश मिळालेल्याला लाज वाटावी, असा तो विचित्र प्रसंग होता. ती पोहोचली तेव्हा पुढच्या खोलीतली मांडणी बदललेली होती. टेबल मधोमध, एका बाजूला दोन खुर्च्या, समोर एक. दादा आणि ताई त्या दोन खुर्च्यांवर कागद घेऊन बसले होते. दादा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "या. बसा. पहिल्या वर्षी ७१ आणि दुसऱ्या वर्षी ९६. मधे काय झालं? आम्ही यावर विश्वास का ठेवावा?"

पुढचे दोन महिने हेच चालले. ज्यांना बोलावणे नव्हते ते दोघे, बोलावणे आलेल्या दोघांच्या मुलाखती घेत राहिले. ‘बी.कॉम. झालात तर मग सी.ए. का नाही?’, ‘तुमच्या कार्यालयात तुम्ही नसाल तर नेमकं काय अडेल?’ असे प्रश्न दादा शोधून शोधून आणीत. इंग्रजीत प्रश्न विचारता विचारता त्यांचेच इंग्रजी सुधारले, हे कोणाच्या लक्षात यायला फेब्रुवारी उजाडला.

एकदा तिने न राहवून विचारले, "दादा, तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना," दादा म्हणाले. "घरी गेल्यावर वाटतं. पण इथं बसलो की वाटतं, नऊ महिने मीही तुमच्या गणितात घातलेत. ते वाया का जाऊ देऊ?"

२०२५च्या उन्हाळ्यात तिला बोधगयेच्या आयआयएममध्ये प्रवेश मिळाला. ही संस्थाही नागपूरच्या संस्थेप्रमाणे २०१५ मध्येच सुरू झालेली. आईने नाव ऐकले आणि दचकून म्हणाली, "गया? अगं, तिथं तर लोक पिंडदानाला जातात!" वडील म्हणाले, "आपल्या नागपूरला दीक्षाभूमी आहे आणि तिथं बोधिवृक्ष. बुद्धाला जिथं ज्ञान झालं तिथं आपली मुलगी शिकायला चाललीय, असं सांग ना लोकांना." शैक्षणिक कर्जाच्या कागदांवर सही करताना मात्र त्यांचा हात किंचित थांबला होता. मुलीने ते पाहिले आणि मनाशी नोंद करून ठेवली. स्थळे पाहण्याचा विषय आईने आपणहून दोन वर्षे पुढे ढकलला.

धाकटा उत्तराखंडातल्या काशीपूरच्या आयआयएममध्ये गेला. दादांनी राज्याची एम.बी.ए. प्रवेश परीक्षा दिली. अडीच तासांत दोनशे प्रश्न आणि चुकीच्या उत्तराला वजाबाकी नाही, अशी ती वेगाची परीक्षा. वर्षभर घड्याळाशी झुंजलेल्या दादांना ती मानवली आणि पुण्याच्या एका संस्थेत त्यांना जागा मिळाली. बुटीबोरीची पाळी सुटली.

राहिल्या ताई. त्यांना ८४वर थांबायचे नव्हते. मुलगा पहिलीत गेला होता, सासूबाई अजून खंबीर होत्या. ‘एकतिसाव्या वर्षी दिली, बत्तिसाव्या वर्षीही देईन,’ असे म्हणून त्या पुन्हा कामाला लागल्या.

बोधगयेला निघण्याआधी ती ताईंना भेटायला गेली. जाताना चुकांची वही बरोबर न्यावी, असे तिच्या मनात होते. तिची निम्मी पाने तिच्याच अक्षरांनी भरलेली होती. ताईंनी वही हातात दिली, पण तिने चाळून ती परत केली. शेवटची चाळीसएक पाने कोरी होती आणि ती आता ताईंच्या उपयोगाची होती.

परतताना ती अभ्यासिकेवरून गेली. फलकावर नवा कागद लागलेला होता. अक्षर ताईंचे, शाळेच्या फळ्यावरच्यासारखे वळणदार. ‘कॅट परीक्षेच्या तयारीसाठी तीन सोबती हवेत. रविवारी सकाळी सात. हुशारीची अट नाही. स्वतःच्या चुका दाखवण्याची तयारी हवी.’

आत काका कोणाला तरी तो पत्ता समजावून सांगत होते.